मेथाडोनची रांग

११ सप्टेंबर २००१ म्हटलं की डोळ्यांसमोर कोसळणारे मनोरे येतात. मी मात्र आज न्यूयॉर्कच्या मेथाडोनच्या रांगेबद्दल बोलणार आहे. हेरॉइन सुटावं म्हणून तिथे हजारो जण हे औषध घेत. अनेकांना ते रोज क्लिनिकमध्ये, नर्ससमोरच प्यावं लागे. त्या दिवशी भुयारी रेल्वे थांबली, मॅनहॅटनचे पूल बंद झाले. आणि डोस चुकला की एक-दोन दिवसांत घाम, अंगदुखी, जुलाब सुरू! नंतरच्या एका पाहणीत मॅनहॅटनच्या सुमारे पाव रहिवाशांनी दारू वाढल्याचं सांगितलं. त्यांची बाटली घरात होती. या रुग्णांचं औषध खिडकीपलीकडे. मार्च २०२० मध्ये, कोविड आल्यावर, स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे डोस घरी देण्याची मोकळीक अमेरिकेने राज्यांना दिली. माझ्या मते, १९ वर्षं उशिराच.