रॅम वाढवली आणि संगणक गप्प झाला

गोराईच्या खाडीकाठी खिडकीचे गज लवकर गंजतात, हे तिथल्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. तोच खारा, दमट वारा लॅपटॉपमधील धातूच्या जोडांपर्यंतही पोहोचतो. शाळेचा लॅपटॉप मंद चालतो म्हणून त्यात रॅमची जादा पट्टी बसवावी, बटण दाबताच दिवा लागावा, पंखा फिरावा, पण पडदा मात्र काळाच राहावा, असा अनुभव अनेकांना येतो. ‘मदरबोर्ड गेला’ असे म्हणून यंत्र कपाटात ढकलण्यापूर्वी आपण थोडा इतिहास पाहू.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ‘व्हर्लविंड’ संगणकाची स्मृती सुरुवातीला खास निर्वात नळ्यांमध्ये, विद्युतभाराच्या ठिपक्यांच्या रूपात साठवली जाई. या नळ्या वारंवार बिघडत. देखभालीत रोज चार तास जात. जे फॉरेस्टर यांनी त्याऐवजी फेराइटच्या इवल्या कड्या वापरायचे ठरवले. कडी एका दिशेने चुंबकित असेल तर ०, उलट दिशेने असेल तर १. मात्र ही नवी स्मृती त्यांनी थेट व्हर्लविंडला जोडली नाही. केन ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या तपासणीसाठी एक वेगळाच संगणक बांधला. तेथे ती खरी उतरल्यावर १९५३ मध्ये ती व्हर्लविंडमध्ये बसवली गेली आणि देखभाल आठवड्याला दोन तासांवर आली. नवी स्मृती आणि जुने यंत्र एकदम तपासले, तर दोष कोणाचा हे कसे कळणार? वेगळ्या यंत्रामुळे हा प्रश्नच उरला नाही.

हेच तंत्र लवकरच मुंबईत आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये एक पथदर्शी संगणक आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक उभा राहिला. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. त्याच्या फेराइट स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे ८१,९२० बिट. आजच्या ८ जीबी लॅपटॉपची स्मृती त्याच्या आठ लाखांहून अधिक पट आहे.

फेराइटची कडी वीज गेली तरी विसरत नसे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यात एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र पुरते. पण धारित्रातील भार गळतो, तो सतत भरावा लागतो आणि वीज जाताच सारे पुसले जाते. त्यामुळे प्रत्येक वेळी सुरू होताना, कायमस्वरूपी चिपमधील छोट्या प्रोग्रॅमला आधी रॅम ओळखून ती कामाला लावावी लागते. पडद्यावर काही दिसते ते त्यानंतर. म्हणूनच रॅमची तक्रार बहुधा पडद्यावर येत नाही. पुष्कळ यंत्रे ती ‘बीप’ वाजवून किंवा दिवा लुकलुकवून सांगतात.

आता आपल्या लॅपटॉपकडे वळू. चार्जर काढावा, शक्य असल्यास बॅटरीही सोडवावी. नवी पट्टी काढून जुनी एकटीच बसवावी. यंत्र सुरू झाले, तर ते शाबूत आहे. मग नवी एकटीच, आधी एका खाचेत, नंतर दुसऱ्या खाचेत. एकाच खाचेत अडत असेल तर दोष खाचेचा. दोन्हींत अडत असेल तर पट्टीचा किंवा तिच्या जातीचा. पट्टी तिरकी बसली नाही ना, हे पाहावे. जोड मळले असतील तर हलक्या हाताने पुसावेत. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या पट्ट्यांवरील खाचा वेगळ्या जागी असल्याने तेथे गफलत होत नाही. पण १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल दिसायला सारख्याच! कमी व्होल्टचीच रॅम चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये पहिली बसवली, तर तो उठत नाही. डीडीआर५ असेल तर थोडा धीर धरावा. पहिल्यांदा सुरू होताना नव्या रॅमशी जुळवून घेण्यात यंत्राची काही मिनिटे जाऊ शकतात.

शिक्षकांनी हे काम वर्गातच करावे, असे आम्ही सुचवू. दोन पट्ट्या आणि दोन खाचा यांच्या एकेरी जोड्या चार होतात. प्रत्येक जोडीआधी विद्यार्थ्यांनी आपला अंदाज वहीत लिहावा, मगच बटण दाबावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम त्यांना येथे उपयोगी पडताना दिसेल. आणि कदाचित शाळेचा एक लॅपटॉपही भंगारात जाण्यापासून वाचेल.