डाग फिल्मवर, दोष शेजाऱ्याचा

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, अशी आपल्याकडे म्हण आहे. फोटोच्या फिल्मला ती तंतोतंत लागू पडते. फिल्मवर जिलेटिनमध्ये मिसळलेल्या चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. प्रकाश टिपणे हे त्याचे काम. पण तो थर बिचारा एवढा हळवा, की शेजारच्या कागदातले रसायन, उष्णता, दमट हवा, किरणोत्सर्ग, जे जवळ येईल त्याची खूण तो उमटवून घेतो.

दुसरी अडचण याहून मोठी. कापड उलगडून पाहता येते, आंबा हुंगून घेता येतो. फिल्म मात्र उघडून तपासली की वाया गेलीच. तिचा दोष कळतो तो धुतल्यावर, म्हणजे लग्न लागून वऱ्हाड घरी पोचल्यावर. फिल्म सदोष निघाल्यास बदलून देऊ, असे कंपन्या खोक्यावर छापत. फिल्म बदलून मिळे. मुहूर्त कसा बदलून मिळणार? म्हणून या धंद्यात दोष निस्तरण्यापेक्षा तो आधी ओळखण्याला फार मोल आले.

हा धडा जॉर्ज ईस्टमनला सुरुवातीलाच मिळाला. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावचा हा तरुण बँकेत कारकून होता. १८८० च्या सुमारास त्याने फोटोच्या काचा, म्हणजे ड्राय प्लेट, विकायला सुरुवात केली. फिल्म यायच्या आधी फोटो या काचांवरच काढत. १८८२ साली तक्रारी येऊ लागल्या. काचांवर चित्रच नीट उमटेना. ईस्टमनने विक्रेत्यांकडचा खराब माल परत घेतला आणि बदलून दिला. नव्या कंपनीला हा खर्च जड होता, पण गेलेले नाव परत मिळवणे त्याहून जड, हे त्याने ओळखले.

नव्या काचाही बिघडू लागल्या तेव्हा काम थांबवून त्याने शेकडो प्रयोग केले. कृती तीच, माणसे तीच, आणि गुण मात्र येईना. अखेर तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला मॉसन अँड स्वान यांच्या कारखान्यात गेला. विजेच्या दिव्यामुळे प्रसिद्ध झालेले जोसेफ स्वान ते हेच. तिथून परतल्यावर उलगडा झाला. दोष त्याच्या कृतीत नव्हताच. बाहेरून येणाऱ्या जिलेटिनमध्ये होता.

पण एक जिलेटिन चांगले आणि दुसरे वाईट, असे का? याचे उत्तर मिळायला १९२० चे दशक उजाडावे लागले. कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युएल शेपर्ड या रसायनतज्ज्ञाने शोधून काढले, की जिलेटिनमधल्या गंधकयुक्त द्रव्याच्या अगदी सूक्ष्म अंशामुळे चांदीचे क्षार अधिक संवेदनशील होतात. जिलेटिन बनते जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून. हे द्रव्य मोहरीच्या तेलाच्या जातीचे, म्हणजे जनावराने खाल्लेल्या वनस्पतींतून आलेले. गाईंना मोहरी आवडत नसती तर आपल्याला सिनेमा पाहता आला नसता, असे प्रयोगशाळेचे प्रमुख केनेथ मीझ गमतीने म्हणत. गाईने काय चरले यावर फोटोची प्रत ठरावी, ही या विषयातली मोठी गंमत आहे. तिची दुसरी बाजू पुढे येईलच.

काचांची जागा गुंडाळीच्या फिल्मने घेतली तसा फिल्मला एक कायमचा शेजारी मिळाला. १८८८ च्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर फोटोंची गुंडाळी असे आणि ती संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवावा लागे. १८९२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल टर्नरने फिल्मच्या पाठीला काळा कागद लावून त्यावर आकडे छापण्याची युक्ती काढली. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या लाल खिडकीतून आकडा दिसे. फिल्म उजेडात भरता येऊ लागली. १८९५ साली ईस्टमनने हे हक्क विकत घेतले. आपल्याकडच्या क्लिक थ्री कॅमेऱ्याची ती लाल खिडकी अनेकांना आठवत असेल. बाराव्या आकड्यापर्यंत श्वास रोखून चावी फिरवायची!

पण हा कागद गुंडाळीत महिनोन्महिने फिल्मला चिकटून राहतो. त्याची शाई किंवा लेप जरा बिघडला, की कागदावरचे आकडे थेट फोटोतल्या आकाशात उमटतात. २०१६ साली कोडॅक अॅलॅरिस या कंपनीच्या १२० आकाराच्या काही कृष्णधवल फिल्मवर असेच झाले. कंपनीने संशयित मालाचे क्रमांक जाहीर केले आणि फिल्म बदलून दिल्या. उष्ण, दमट हवेत हा दोष बळावतो. म्हणून जाणकार फोटोग्राफर खोक्यावरचा क्रमांक टिपून ठेवतात, फिल्म थंड जागी ठेवतात आणि महत्त्वाच्या कामाआधी त्याच क्रमांकाची एक फिल्म वापरून धुऊन पाहतात. शितावरून भाताची परीक्षा, दुसरे काय!

कागदाची याहून गंभीर गोष्ट मात्र १९४५ ची आहे. क्ष-किरणांच्या फिल्म बांधताना कोडॅक गवताच्या काडापासून केलेला पुठ्ठा वापरी. त्या वर्षी काही फिल्मवर बारीक काळे ठिपके दिसू लागले. घड्याळांच्या तबकड्यांना लावायच्या रेडियमच्या रंगाने पुठ्ठा दूषित होण्याचा त्रास युद्धकाळात झालेला होता. म्हणून ज्युलियन वेब या कंपनीच्या पदार्थवैज्ञानिकाने पुठ्ठाच तपासला. तो इंडियाना राज्यात व्हिन्सेन्स इथे, वॉबॅश नदीकाठच्या गिरणीत तयार झालेला होता. त्यात रेडियम नव्हते. होते सेरियम-१४१ हे अणुविखंडनातून निर्माण होणारे द्रव्य. सुमारे ३२ दिवसांत ते निम्मे होते, म्हणजे ते ताजे होते.

१६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची गुप्त चाचणी झाली होती. तिची धूळ सुमारे १८०० किलोमीटर दूर पोचून पावसातून आणि नदीच्या पाण्यातून पुठ्ठ्यात उतरली होती. सरकारने जगापासून लपवलेली गोष्ट एका बांधणीच्या पुठ्ठ्याने फिल्मला सांगितली. वेब यांनी हे संशोधन १९४९ मध्ये प्रसिद्ध केले.

जानेवारी १९५१ मध्ये नेवाडात चाचण्या सुरू झाल्या आणि रॉचेस्टरमध्ये किरणोत्सर्गी बर्फ पडले. फिल्म कंपन्यांनी तक्रार केली. तेव्हा यापुढे चाचण्यांची आणि धूळ कुठे जाईल याची पूर्वसूचना फिल्म उद्योगाला देण्याचे अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने मान्य केले. व्यवहार म्हणून हे योग्यच झाले.

पण तीच धूळ कुरणांवरही पडत होती. गाई ते गवत चरत होत्या. गवतातले किरणोत्सर्गी आयोडीन दुधात उतरत होते आणि ते दूध मुले पीत होती. हे आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठते. त्या मुलांच्या आयांना अशी पूर्वसूचना कोणी दिली नाही. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा अहवाल आला आणि फिल्मला जे सांगितले ते माणसांना का सांगितले नाही, हा प्रश्न तिथल्या सिनेटमध्ये विचारला गेला.

ईस्टमनने आपला दोष स्वतःहून मान्य करून माल परत घेतला होता. आयोगानेही सावध केले, पण ज्याचे नुकसान पैशात मोजता येत होते त्यालाच. सदोष फिल्म बदलून मिळते. लहान मुलाच्या गळ्यातली ग्रंथी कोण बदलून देणार?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)