आईची गोधडी

यंदा दिवाळीच्या झाडलोटीत देवळ्याच्या घरी आईची गोधडी निघाली. जीर्ण म्हणून मी ती टाकणारच होतो. उन्हात पसरली, तर वरचा थर आजीच्या मालेगावी लुगड्याचा! १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगावात माग मांडले. तिथले लुगडे आजी विरेपर्यंत नेसली; मग ते गोधडीत गेले. आत वडिलांचे धोतर, कोपऱ्याला माझ्या सदऱ्याचे ठिगळ, काठाकडून आत सरकणारा धावदोरा. बंगालातला कांथा हिचाच भाऊबंद. गाडगेबाबा (निधन १९५६) तर चिंध्यांचेच कपडे घालीत. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. आईला अक्षरओळख नव्हती. घराची बखर तिने सुईने लिहिली, आणि शिकलेला मुलगा ती उकिरड्यावर टाकणार होता! या हिवाळ्यात तीच पांघरीन.