पायथनचे कुलूप: शेजारी शेजारी दोन बिल्ड

१९९२ साली पायथनच्या इंटरप्रिटरला एक कुलूप बसले: जीआयएल. थ्रेड कितीही असोत, एका क्षणी पायथनचा कोड चालवणार एकच. एका प्रोसेसरच्या जमान्यात ते कुणाला फारसे खुपले नाही.

ग्रेग स्टाइन यांनी त्याच दशकात ते काढून दाखवले. पण कोणती वस्तू किती ठिकाणी वापरात आहे, याची मोजदाद पायथन अखंड ठेवते. ती सांभाळायला आता असंख्य बारीक कुलुपे लागली. दोन्ही इंटरप्रिटर ताडून पाहिले, तर कुलूपमुक्त इंटरप्रिटर साधा प्रोग्राम निम्म्याच वेगाने चालवी!

२००७ मध्ये गिडो व्हान रॉसम यांनी अट घातली: एका थ्रेडचा प्रोग्राम मंदावता कामा नये. अट वाजवी, पण जीवघेणी.

सॅम ग्रॉस यांनी मोजदादीची रीतच बदलली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.१३ सोबत एकाच यंत्रावर शेजारी नांदणारे दुसरे, कुलूपमुक्त बिल्ड आले; नावात जादा ‘टी’. तुलनेत ते सुमारे ४० टक्के मंद भरले, ३.१४ मध्ये तूट ५ ते १० टक्क्यांवर आली.

चाचणी घेणाऱ्याला मात्र एक चकवा आहे. सी भाषेतील जुने मॉड्यूल आयात होताच कुलूप पुन्हा लागते, आणि नकळत कुलूपबंद इंटरप्रिटरचाच वेग मोजला जातो.