पहिल्या हाकेला ओ देऊ नका

भरतीची वाट बघत तुम्ही जैतापूर बंदरात बसला आहात. साल 1897, महिना फाल्गुन. मुंबईच्या बोटीनं तुम्हाला पहाटे पडावात उतरवलं आणि ती विजयदुर्गाकडे निघून गेली. पायाशी वळकटी, बाजूला पत्र्याची ट्रंक. खिशातला मोबाइल कधीच विझलाय. आता तो नुसता काळा आरसा आहे. त्यात तुम्ही चेहरा पाहून घेता. दिसतो. बरं वाटतं, कारण तुम्ही इथे रक्तपिपासूंच्या गोष्टीमागे आला आहात आणि ज्याचं प्रतिबिंब पडत नाही तो त्यांच्यातला, एवढं तुम्ही वाचून आहात.

बोटीत तुमच्यासोबत गिरणीतली माणसं होती. मुंबईच्या गिरण्या चालतात त्या मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याच्या हातांवर. एरवी ही माणसं शिमग्याला हसत-खिदळत येतात, या वर्षी कुणी बोललं नाही. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला तो सप्टेंबर 1896 मध्ये. तेव्हापासून मुंबई रिकामी होते आहे. 4 फेब्रुवारीला सरकारनं साथीचा कायदा केला. आता डॉक्टर माणसाच्या काखा चाचपतात, जांघा चाचपतात, सामान वाफेत घालतात, घरं औषधी पाण्यानं धुतात. लोकांना तापापेक्षा या हातांची भीती जास्त वाटते.

पाणी चढतं. दालदी तांडेल मचवा सोडतो. तांदळाच्या गोणींमध्ये तुम्ही पाय दुमडून बसता. अर्ध्या वाटेवर गोणीमागून एक काळा उंदीर बाहेर येतो, भर दुपारी, माणसांसमोर, ताडी चढल्यासारखा झुलत. तुमच्या पावलापर्यंत येऊन तो आडवा होतो. तांडेल वल्ह्याच्या टोकानं त्याला उचलून खाडीत भिरकावतो आणि पुढचा तासभर तुमच्याकडे पाहत नाही.

राजापूर येतं ते असं आडवळणानं. खाडी गाळानं भरत आली आहे. मोठं गलबत जुन्या धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच अडतं, तरी अरबी गलबतं अजून येतात. बाहेरचा माणूस याच पाण्यावरून येणार हे या गावाला पाठ आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी इथे वखार घातली आणि 1661 साली शिवाजी महाराजांनी ती लुटून इंग्रजांना कैदेत टाकलं. उभ्या, अरुंद गल्ल्या, चिऱ्याच्या भिंती, खाली अर्जुना. पण तुम्हाला शहरात राहायचं नाही. कातळ ओलांडून पलीकडे एक वाडी आहे, तिथे जायचं आहे.

इंग्रजी भयपटाला अशीच वाडी लागते. अमेरिकेतले आमिश पंथाचे लोक तारेवरची वीज घरात घेत नाहीत आणि घोडागाडीनं फिरतात, म्हणून तिकडचा लेखक रक्तपिपासूला त्यांच्या कुंपणाआड सोडतो. बंद दारामागे काहीतरी अमंगळ असणारच, हा बाहेरच्याचा लाडका समज. कोकणातल्या वाडीला कुंपण नसतं. तिची हद्द असते, हद्दीवर राखणदार असतो, आणि गाऱ्हाणं घालून, नारळ ठेवून त्याला सांगितल्याशिवाय मोठं काम होत नाही. कुंपण दिसतं तरी. हद्द तुम्ही कधी ओलांडली ते तुम्हाला कळत नाही.

तिन्हीसांज. हातातली चूड फडफडते. पायवाटेवर काहीतरी बारीक, पिवळसर सांडलेलं आहे. वाकून पाहता तर राळे. दाणे वाडीकडून मसणवटीकडे गेले आहेत, एका रेषेत. म्हणजे आज बाळंतीण गेली. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होऊन परत येते. ती परत यायला निघाली तर आधी वाटेवरचे सगळे दाणे तिनं वेचावेत, आणि ते होता होता कोंबडा आरवावा, म्हणून हे. बाल्कन मुलखातही प्रेताच्या थडग्यात खसखस नाहीतर बाजरी-राळ्यासारखं धान्य टाकत, रक्तपिपासू मोजत बसावा म्हणून. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मेलेल्याला मोजदादीत अडकवावं हे मात्र दोघांना सुचलं. मला तर यात कारकुनी डोक्याचा वास येतो.

तुम्ही चूड उंच धरून खळ्याच्या कडेला उभे राहता आणि हाक मारता. घरात उंडेलाचा दिवा आहे, सावल्या हलतात, पण ओ येत नाही. पुन्हा हाक. तो दिवाही आत नेला जातो. आणि मग अंगावर काटा येतो, कारण तुम्हाला लहानपणी आजीनं सांगितलेलं आठवतं: रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये, भूत एकदाच हाक मारतं. दाराआड ती माणसं तुम्हाला मोजताहेत.

तिसऱ्या हाकेला दार बोटभर उघडतं.

"मुंबैसनं आलास ना रे? तितंच ऱ्हा. खळ्यात पाव टाकू नको."

"आजी, पाणी तरी द्या."

"देतो हां. मांगरात जाऊन बस. पोरगा ठेवील."

दार लागतं. शेताच्या टोकाला गवतानं शाकारलेला मांगर आहे. पोरगा दगडावर पेजेचं मडकं, पाण्याचा तांब्या आणि दिवा ठेवतो आणि वीस पावलं मागे सरून उभा राहतो. दहा दिवस इथेच, असं सांगून जातो. तुम्ही वळकटी सोडता. बाहेर चांदणं, कातळावर टिटवी.

झोप येत नाही तेव्हा भुतं मोजावीत. यांची यादी तुम्हाला ठाऊक आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी कोकणातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती लिहवून घेतल्या होत्या. 21 डिसेंबर 1909 ला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनना गोळ्या घातल्या. मास्तरांची उत्तरं पुढे एन्थोव्हेन यांनी 1915 साली छापली. मुंजा, समंध, देवचार, खवीस, झोटिंग, पाण्यातला गिऱ्हा, जखीण, लावसट, हडळ. सरकारदप्तरी भुतांची अशी जात-पात लावून नोंद झाली. यांत वेताळही आहे. रिचर्ड बर्टननं 1870 मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना त्याला रक्तपिपासू करून टाकलं. ही मोठी चूक. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, माणसं भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावावरून गस्त घालतो आणि त्याच्या चपला झिजतात. आमच्याकडे तो पहारेकरी आहे.

विलायतेत आणखी दोन महिन्यांनी, मे 1897 मध्ये, ब्रॅम स्टोकरची ड्रॅक्युला बाजारात येईल. तिच्यातला सरदारही बोटीनंच येतो. बोट व्हिटबीला लागते तेव्हा सुकाणूला बांधलेला मेलेला कप्तान तेवढा उरलेला असतो. 1922 च्या नोस्फेरातू या जर्मन चित्रपटात तर रक्तपिपासूबरोबर उंदीर उतरतात आणि शहरात प्लेग पसरतो.

उंदीर. तुम्ही उठून बसता.

घरात उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपडी घालायची, हे त्या वर्षांत महाराष्ट्रातली साधी माणसं करत होती. (सिंधुदुर्गातल्या आचरे-चिंदरची गावपळण, म्हणजे सगळं गाव घरं सोडून वेशीबाहेर जातं ती प्रथा, हीच, असं मी म्हणत नाही. तिथे देवाचा कौल लागतो.) घरात कुणी आजारी पडलं म्हणून नव्हे, उंदीर पडला म्हणून माणसं उठून जात. डॉक्टर काखा तपासत होते, आजी हडळीला अडवत होती. दोघंही माणसाच्या उंचीवर शोधत होते. आजीचं निदान चुकलेलं, पण बोटीतल्या माणसाला दहा दिवस मांगरात ठेवणारी ती, आणि तिचा उपाय बरोबर. सरकारचं निदान बरोबर, आणि धुतलेल्या भिंतीवरून रोग तसाच पुढे गेला.

पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर कराचीत प्लेगच्या उंदरावरची पिसू निरोग्या उंदराकडे जाऊ देईल तो दिवस 2 जून 1898. लोक त्याला हसतील. उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसू ते सोडते आणि जवळचं ऊबदार अंग शोधते. आणि 1914 मध्ये बॅकॉट आणि मार्टिन दाखवतील ते मला कुठल्याही भूतकथेपेक्षा भयानक वाटतं. प्लेगचे जंतू पिसूच्या घशाखाली बोळा करून बसतात. ती रक्त ओढते, ते पोटात उतरत नाही, उलटून जंतूंसकट चावलेल्याच्या अंगात जातं. तिची भूक भागत नाही म्हणून ती पुन्हा चावते, मग पुन्हा. उपाशी मरेपर्यंत. तिला उंबरठ्यावर थांबावं लागत नाही. ती हाक मारत नाही. राळे मोजत नाही.

हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. शंभर-सव्वाशे वर्षं पुढून आलात. पण मचव्यात उंदीर पावलाशी आडवा झाला तेव्हा तुम्ही हडळीचा विचार करत होता.

तुम्ही दिव्याची वात पुढे सारता आणि धोतर वर घेऊन घोटा बघता. दोन लाल ठिपके, जवळजवळ.

प्लेगची गाठ बहुतेक वेळा जांघेत येते, कारण पिसू बहुतेक वेळा पायालाच चावते.