नेटफ्लिक्सने धरलेला छोटा कोपरा

गोष्ट १९९७ची, कॅलिफोर्नियातली. मार्क रँडॉल्फ रीड हेस्टिंग्जला धंद्याच्या आयडिया ऐकवायचा: शॅम्पू, कुत्र्यांचं खाणं, अगदी बेसबॉलच्या बॅटी! ऑनलाइन सिनेमे भाड्याने द्यावेत, तर जाडजूड कॅसेट पोस्टाने पाठवणं महाग. तेवढ्यात डीव्हीडी आली. दोघांनी एक सीडी पाकिटात घालून पोस्टात टाकली. दुसऱ्या दिवशी धड पोहोचली. डीव्हीडी प्लेयर मोजक्याच घरांत, त्यामुळे दुकानांना घाई नव्हती. तेच गिऱ्हाईक यांनी धरलं. एप्रिल १९९८मध्ये नेटफ्लिक्स सुरू. गंमत म्हणजे पैसा येत होता डीव्हीडी विकून, भाड्यातून जवळपास काहीच नाही. पण विक्रीत ॲमेझॉन उतरणार हे दिसत होतं. त्यांनी विक्रीच सोडली! खरी हिंमत इथे लागली, असं मला वाटतं. कारण भाड्याला तारणारी महिन्याची वर्गणी आली थेट १९९९मध्ये.