बेबल (कादंबरी)

बेबल ही चिनी-अमेरिकन लेखिका आर. एफ. क्वांग यांची इंग्रजी कादंबरी ऑगस्ट २०२२ मध्ये प्रकाशित झाली. इ.स. १८३०च्या दशकातील ऑक्सफर्डमध्ये घडणारी ही कथा ऐतिहासिक कल्पनारम्य साहित्यात मोडते. तिचा उत्तरार्ध व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीच्या आरंभीचा आहे. मात्र येथील ब्रिटिश साम्राज्य जादूवर चालते, आणि ही जादू भाषांतरातून निर्माण होते.

चांदीची जादू

चांदीच्या पट्टीवर दोन भाषांतील परस्परसंबंधित शब्द कोरले जातात. एका भाषेतून दुसरीत जाताना जो अर्थ निसटतो, तो पट्टीतून प्रत्यक्ष परिणामाच्या रूपाने प्रकट होतो. इंग्रजी 'ट्रीकल' म्हणजे काकवीसारखा गोड पाक; पण त्याच्या मूळ जुन्या फ्रेंच शब्दाचा अर्थ विषावरील उतारा असा होता. या जोडीच्या पट्टीने कॉलऱ्याने आजारी नायकाचे प्राण वाचतात. शब्दांचे असे अर्थांतर मराठी वाचकास अपरिचित नाही: 'शिक्षा' म्हणजे मराठीत दंड, तर हिंदीत शिक्षण.

पट्टी कार्यान्वित करणाऱ्याला दोन्ही भाषा सहजपणे आत्मसात असाव्या लागतात. युरोपीय भाषा एकमेकींत मिसळत गेल्याने त्यांच्या जोड्यांचे सामर्थ्य घटत चालले आहे. म्हणून 'बेबल' नावाच्या मनोऱ्यातील भाषांतर संस्थेला दूरच्या भाषांची, आणि त्या बोलणाऱ्या मुलांची, गरज भासते. वसाहतींतून कच्चा माल नेण्याच्या व्यवहारात येथे भाषाच कच्चा माल ठरते. कादंबरीचे खरे बळ या कल्पनेत आहे.

कथानक

कँटनचा अनाथ रॉबिन स्विफ्ट याला प्राध्यापक लव्हेल इंग्लंडला आणतात. कलकत्त्याचा रामी, मूळची हैतीची व्हिक्ट्वार आणि इंग्रज लेटी हे त्याचे सहाध्यायी. हर्मीस ही गुप्त संघटना चांदी चोरून साम्राज्याविरुद्ध वापरते. कँटनच्या प्रवासात अफूच्या व्यापाराचे वास्तव पाहिल्यावर रॉबिनची निष्ठा डळमळते. चीनवरील युद्ध रोखण्यासाठी काही भाषांतरकार मनोरा ताब्यात घेऊन संप करतात. अखेर मनोरा उद्ध्वस्त होतो. हिंसेवाचून अन्याय दूर होईल का, हा प्रश्न पात्रांना शेवटपर्यंत छळतो.

पुरस्कार

कादंबरीला नेब्युला आणि लोकस पुरस्कार मिळाले. २०२३च्या ह्युगो पुरस्कारासाठी मात्र ती अपात्र ठरवण्यात आली. तो सोहळा चीनमधील चेंगडू येथे झाला होता. पुढे २०२४ मध्ये उघड झालेल्या ईमेलमधून, आयोजकांनी लेखकांची राजकीय माहिती तपासल्याचे दिसून आले.